परीक्षेचा ताण आणि दोन मिनिटांची शांतता

फेब्रुवारी संपत आला की विद्यापीठाच्या गावात दोन गोष्टी एकदम दिसू लागतात. झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग आणि हॉस्टेलच्या खिडक्यांतला रात्रभरचा उजेड. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे हल्ली हा महिना नेमका परीक्षांच्या हंगामात येऊ लागला आहे. एकाच खोलीतला एक मुलगा पहाटे सहेरीसाठी उठतो, तेव्हा त्याचा जोडीदार अजून झोपलेलाच नसतो. एकाला रोजा आहे, दुसऱ्याला सबमिशन. कानात मात्र दोघांच्याही इयरफोन असतात.

हे इयरफोन पाहून घरची मोठी माणसे चिडतात. ‘अभ्यास कर म्हटलं तर गाणी ऐकतोय’ ही तक्रार कोणत्याही धर्माच्या घरात ऐकू येते. मुलांचे म्हणणे वेगळे असते. गाणे लावले की डोक्यातला गोंधळ कमी होतो, असे ती सांगतात. दोघांचेही थोडे खरे आहे. संगीत ताण हलका करू शकते, हे आता प्रयोगशाळेत मोजून पाहिले गेले आहे. मात्र कोणते संगीत, कधी, किती वेळ आणि किती आवाजात, यावर सगळे अवलंबून आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुठे संगीत पुरत नाही आणि माणूसच लागतो, हे ओळखता आले पाहिजे.

हा प्रश्न किरकोळ नाही

‘आमच्या वेळी नव्हता असला ताण’ असे म्हणून विषय संपवता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये सर्वाधिक आकडा महाराष्ट्राचा होता, १,७६४. प्रत्येक घटनेमागे परीक्षाच होती असे नाही. कर्ज, घरातले वाद, प्रेमभंग, आजार, एकटेपण, जातीवरून किंवा भाषेवरून होणारा अपमान अशी अनेक कारणे एकात एक गुंतलेली असतात. पण वय तेच, कॉलेजच्या उंबरठ्यावरचे.

या आकड्यांच्या मागे आणखी कितीतरी मोठा वर्ग आहे. त्याचे नाव कुठल्या अहवालात येत नाही. पेपरच्या आदल्या दिवशी पोटात गोळा येणारे, व्हायवाच्या रांगेत तळहात घामेजणारे, एटीकेटी लागली म्हणून महिनाभर घरी फोन न करणारे. खेड्यातून तालुक्याला, तालुक्यातून शहरात आलेली ही मुले असतात. अनेकांच्या घरातली ती पहिली पदवीधर होणार असतात. बापाने शेत गहाण टाकलेले असते किंवा आईने शिवणकाम करून फी भरलेली असते. त्या मुलांच्या पाठीवर पुस्तकांपेक्षा या अपेक्षांचेच ओझे जास्त असते.

शरीरात काय घडते

कॅनडातील माँट्रियल येथे काम करणारे हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. आघात कोणत्याही प्रकारचा असो, शरीराची प्रतिक्रिया पुष्कळ अंशी एकसारखी असते, असे त्यात मांडले होते. ताणाच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात साधारण तिथून मानली जाते. धोका जाणवला की अ‍ॅड्रिनलीन वाढते, हृदय जोरात धावू लागते, श्वास उथळ आणि भरभर होतो, स्नायू आवळले जातात. पाठोपाठ कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते आणि शरीर साठवलेली साखर रक्तात सोडते. समोर वाघ असेल तर ही सगळी तयारी उपयोगाची आहे. प्रश्नपत्रिकेसमोर बसलेल्या मुलीला ना पळायचे असते, ना लढायचे. तिला फक्त आठवायचे असते, आणि नेमके तेच या धावपळीत अवघड होऊन बसते.

ताण अजिबातच नको, असेही नाही. येर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले होते. त्यावरून पुढे जो नियम रूढ झाला तो कुठल्याही शिक्षकाला पटेल. अगदी ढिला माणूस काम करत नाही, थोड्या ओढीने ते चांगले होते, ओढ फार वाढली की पुन्हा बिघडते. काम जितके अवघड, तितकी ही बिघडण्याची वेळ लवकर येते. सतारीच्या तारेसारखेच म्हणायचे. सैल तार बोलत नाही, अति ताणलेली तुटते. सुरात आणायची तर खुंटी पिळता आली पाहिजे आणि सैल सोडताही आली पाहिजे. पिळायला सगळेच शिकवतात. सैल सोडणे मात्र कुठल्याही अभ्यासक्रमात नसते.

गाणे थांबल्यावर काय होते

इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे डॉक्टर लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. चोवीस तरुण निवडले होते, त्यांतले निम्मे संगीत शिकलेले आणि निम्मे न शिकलेले. त्यांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले. त्यात बेथोव्हेन आणि विवाल्डी होते, रॅप आणि टेक्नो होते, तसा आपल्याकडचा संथ रागही होता. ऐकताना त्यांचा श्वास, रक्तदाब आणि हृदयाची गती मोजली.

निष्कर्ष सरळ होता. लय जलद असली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढत होते. संगीत कोणत्या प्रकारचे आहे किंवा ते ऐकणाऱ्याच्या आवडीचे आहे की नाही, यापेक्षा लयीचा परिणाम जास्त होता. पण सर्वात मजेशीर गोष्ट वेगळीच निघाली. संशोधकांनी मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या दोन मिनिटांत नाडी आणि रक्तदाब सुरुवातीच्या पातळीच्याही खाली उतरले. म्हणजे संगीताने मन एका जागी गोळा केले आणि ते थांबल्यावर शरीराने खरा विसावा घेतला.

ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोबाइलवर एक गाणे संपले की दुसरे आपोआप सुरू होते, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नसते. दोन-तीन संथ गाणी ऐकावीत आणि मग इयरफोन काढून दोन मिनिटे नुसते बसावे. यासाठी ना अ‍ॅप लागते, ना पैसे.

पाण्याचा आवाज आणि एदिर्नेचा दवाखाना

२०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. साठ निरोगी तरुणींचे तीन गट केले. एका गटाला शांत धार्मिक कोरस ऐकवला, दुसऱ्याला खळाळत्या पाण्याचा आवाज, तिसऱ्याला काहीच नाही, फक्त विश्रांती. त्यानंतर प्रत्येकीची ‘ट्रियर’ चाचणी घेतली. म्हणजे अनोळखी परीक्षकांसमोर उभे राहून भाषण करायचे आणि तोंडी गणित सोडवायचे. व्हायवा दिलेल्या कोणालाही ही शिक्षा वेगळी समजावून सांगायला नको.

चाचणीच्या वेळी कॉर्टिसोल सर्वात कमी वाढले ते पाण्याचा आवाज ऐकलेल्या गटात. संगीत ऐकलेल्या गटात ते उलट सर्वात जास्त होते. मात्र चाचणी संपल्यावर चेतासंस्था पूर्ववत होण्याचा वेग संगीत ऐकलेल्या गटात अधिक होता. एका प्रयोगावरून कायदा करायचा नसतो. तरी इतके कळते की संगीत ही सरसकट गुंगीची गोळी नव्हे. ते ताण अडवते असे खात्रीने सांगता येत नाही, पण ताण येऊन गेल्यावर सावरायला हात देऊ शकते. आणि पाण्याच्या नुसत्या आवाजातही काही बळ आहे.

हे शेवटचे वाक्य पाचशे वर्षांपूर्वीच्या एका वास्तुकाराला नवे वाटले नसते. तुर्कस्तानातील एदिर्ने शहरात सुलतान दुसरा बायझीद याने १४८८ मध्ये मोठे संकुल पूर्ण केले. त्यात मशीद होती, गरिबांसाठी अन्नछत्र होते, दवाखाना होता आणि वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मदरसाही होता. दवाखान्याच्या घुमटाखाली मधोमध कारंजे होते. मनाने आजारी असलेल्या रुग्णांना तिथे कारंज्याच्या आवाजात, फुलांच्या वासात ठेवत. सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी याने हा दवाखाना पाहिला. रुग्णांसाठी दहा गायक-वादकांचा ताफा नेमला होता आणि ते आठवड्यातून तीनदा गात-वाजवत, अशी नोंद त्याने केली आहे. आज ती वास्तू तिथल्या त्राक्या विद्यापीठाकडे आहे आणि तिचे आरोग्य संग्रहालय झाले आहे. २००४ मध्ये या संग्रहालयाला युरोपीय परिषदेचा पुरस्कार मिळाला.

त्या काळातले उपचार आजच्या अर्थाने सिद्ध झालेले होते असे म्हणता येणार नाही. पण वेड्या ठरवलेल्या माणसाला अनेक ठिकाणी साखळदंडात ठेवले जात होते, त्या जगात कोणीतरी त्याच्यासाठी गवई नेमले, ही गोष्ट सांगण्यासारखीच आहे. आणि तेही अशा जागी, जिथे शेजारच्या वर्गात उद्याचे वैद्य शिकत होते.

मिरजेचा तंबोरा

एवढ्या लांब जायचे नसेल तर मिरज जवळ आहे. या गावाला दोन ओळखी आहेत. एक दवाखान्यांची आणि वैद्यकीय महाविद्यालयाची, दुसरी तंतुवाद्यांची. मिरजेतले सितारमेकर कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरे घडवत आले आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा भोपळा, त्यावर लाकडी दांडी, घोडीवर तारांखाली सरकवलेला सुताचा धागा आणि त्यातून उमटणारी जवारी. मुस्लिम कारागिराच्या हातच्या या तंबोऱ्यावर सगळ्या जातिधर्माचे गवई गायले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. १९३७ मध्ये ते गेल्यानंतर इथल्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात होणाऱ्या संगीत सभेला आजही रात्र-रात्र श्रोते बसतात.

तंबोऱ्याचा इथे संबंध काय? अभ्यासाने थकलेल्या मुलाला ऐकण्यासाठी काही सुचवायचे असेल तर तंबोऱ्याचा नुसता नाद ही उत्तम निवड आहे. त्यात शब्द नाहीत, म्हणून डोके अर्थ लावत बसत नाही. ठेका नाही, म्हणून पाय ताल धरत नाही. पुढे काय येणार याची उत्सुकताही नाही. एकच षड्ज पुन्हा पुन्हा भरून येतो. हा नाद मोबाइलवर फुकट मिळतो. संगीतात गती नसलेल्या मुलालाही तो चालतो. दहा मिनिटे मंद आवाजात लावावा, डोळे मिटावेत आणि मग बंद करून शांत बसावे.

माळ तीन धर्मांची, श्वास एकच

बर्नार्दी यांचाच आणखी एक अभ्यास २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. तेवीस निरोगी माणसांकडून त्यांनी दोन गोष्टी म्हणून घेतल्या. एक, कॅथलिक पंथीयांची लॅटिनमधली माळेवरची प्रार्थना, आणि दोन, तिबेटी बौद्धांचा मंत्र. दोन्हींत श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली. एरवी माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. सहाच्या गतीला हृदयाची आणि रक्तदाबाची लय एकमेकींशी जुळते आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली चालते, असे मोजमापात दिसले.

जपमाळ, तसबीह आणि रोझरी या तिन्ही माळा एकाच गल्लीत शेजारी-शेजारी सापडतील, अशी गावे महाराष्ट्रात आणि गोव्यात अनेक आहेत. मणी ओढणाऱ्या आजीने हृदयविज्ञान वाचलेले नसते. तिचा हेतूही रक्तदाबाचा नसतो. पण तिचा श्वास संथ होतो, हे शेजारी बसलेल्या नातवालाही दिसते. हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ हे पुस्तक लिहिले. त्यातला सारांश असा की दोनच गोष्टी पुरेशा आहेत. एखादा शब्द, आवाज किंवा प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत राहणे आणि मध्ये विचार आले तर त्यांच्याशी न भांडता पुन्हा त्या शब्दाकडे येणे. शब्द कोणता, हे त्यांनी ज्याच्या-त्याच्या श्रद्धेवर सोडले. श्रद्धा नसेल तर ‘एक’ हा आकडाही चालतो.

रमजानच्या महिन्यात हा मुद्दा वेगळ्या कारणानेही महत्त्वाचा आहे. अनेक मुस्लिम घरांत या महिन्यात गाणीबजावणी बंद असते. काही घरांत वाद्यसंगीत एरवीही ऐकले जात नाही. अशा घरातल्या मुलीला ‘ताण आलाय ना, गाणी ऐक’ हा सल्ला उपयोगाचा नसतो. तिच्यासाठी वाट बंद आहे असे मात्र नाही. कुरआन पठणाच्या शास्त्राला तजवीद म्हणतात. कोणता स्वर किती लांबवायचा, कुठे थांबायचे, श्वास कुठे घ्यायचा, याचे त्यात काटेकोर नियम आहेत. तरावीहच्या नमाजीत हे संथ पठण रोज रात्री कानावर पडते. वाद्याशिवायची नात आहे, पाण्याचा आवाज आहे, नुसता श्वासही आहे. हरिपाठाची सवय असलेल्या मुलाला त्याची लय जवळची वाटेल, चर्चमध्ये गाणाऱ्या मुलीला तिथले कोरस. ताण हलका करणारा आवाज ज्याचा त्याच्या घरातला असला तर मन तिथे लवकर टेकते.

पायापासून कपाळापर्यंत

आवाजाशिवायचीही एक पद्धत आहे आणि ती शिकायला सोपी आहे. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी ती शोधली आणि १९२९ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, स्नायू पूर्ण सैल असताना मन घाबरलेले राहू शकत नाही. अडचण एवढीच की आपले स्नायू आवळलेले आहेत, हेच माणसाला कळत नाही. म्हणून आधी मुद्दाम आवळायचे आणि मग सोडायचे, म्हणजे फरक कळतो. जेकबसन यांची मूळ पद्धत फार लांबलचक होती. पुढच्या मानसशास्त्रज्ञांनी ती पंधरा-वीस मिनिटांत बसवली. ती अशी.

चटईवर किंवा पलंगावर उताणे पडावे. पट्टा, घड्याळ, चष्मा काढून ठेवावा. आधी दोन्ही पायांची बोटे आणि तळवे पाच-सात सेकंद ताणून धरावेत आणि एकदम सोडून द्यावेत. सुटल्यावर जो जडपणा आणि ऊब जाणवते, तिच्याकडे वीस-तीस सेकंद लक्ष द्यावे. मग पोटऱ्या, मांड्या, पोट. मग मुठी, दंड. खांदे कानापर्यंत उचलून सोडावेत. शेवटी जबडा, डोळे, कपाळ. श्वास कोंडू नये. दुखापत असलेला भाग आवळू नये. सुरुवातीला दोन-चार दिवस काही विशेष वाटणार नाही, कोणी मध्येच घोरूही लागेल. आठवड्याभराने मात्र खांदे केव्हा वर चढतात, दात केव्हा आवळले जातात, हे दिवसाही लक्षात येऊ लागते. मग परीक्षेच्या हॉलमध्ये बाकावर बसल्या-बसल्या खांदे सोडता येतात. कोणाला कळतही नाही.

म्हणूनच हा सराव पेपरच्या आदल्या रात्री सुरू करण्यात अर्थ नाही. पोहणे पुरात शिकायचे नसते. सत्राच्या सुरुवातीपासून रोज पंधरा मिनिटे केली तर मे महिन्यात ती कामाला येतात.

रोजा ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांनी झोपेचा हिशेब वेगळा मांडायला हवा. तरावीहनंतर जागून अभ्यास, मग सहेरी आणि लगेच सकाळचे लेक्चर, असे वेळापत्रक तीन-चार दिवसांत माणसाला मोडते. दुपारच्या डुलकीला अरबीत कैलूला म्हणतात आणि तिची परंपरा जुनी आहे. वीस-तीस मिनिटांची ही डुलकी या महिन्यात चैन म्हणून नव्हे, अभ्यासाचा भाग म्हणून घ्यावी. चहा-कॉफी दिवसभर बंद झाल्याने पहिले काही दिवस डोके दुखते. ते रमजान लागण्याआधीच कप कमी करत आणले तर कमी होते. पाठांतराचे जड काम सहेरीनंतरच्या ताज्या तासात आणि सोपे काम इफ्तारच्या आधीच्या सुस्त तासात ठेवलेले बरे.

मोझार्ट ऐकून मार्क वाढतात का?

संगीताबद्दल एक गैरसमज जगभर पसरला आहे. १९९३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्व्हाइन येथील संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांवर एक छोटा प्रयोग केला. दहा मिनिटे मोझार्टची रचना ऐकलेल्यांनी आकृत्यांची कोडी थोडी अधिक चांगली सोडवली. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला. पण वर्तमानपत्रांत बातमी गेली ती ‘मोझार्टने बुद्धी वाढते’ अशी. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची सीडी पाठवण्याचा प्रस्ताव मांडला. पुढच्या अभ्यासांत उलगडले की यात मोझार्टची खास जादू नव्हती. आवडीची गोष्ट ऐकून झाल्यावरही तसाच फरक दिसला. मन प्रसन्न आणि जागे झाले की काम थोडे बरे होते, एवढेच.

अभ्यास करताना गाणी लावावीत का, या घरोघरच्या वादाचे उत्तरही आता बरेचसे मिळाले आहे. शब्द असलेले गाणे वाचनात आणि पाठांतरात अडथळा आणते. वाचलेले शब्द मेंदू मनातल्या मनात उच्चारत असतो आणि गाण्यातले शब्द त्याच वाटेवर येऊन गर्दी करतात. त्यामुळे घटनेची कलमे किंवा औषधांची नावे पाठ करताना सिनेमाची गाणी नकोत. आकृत्या रंगवताना, जर्नल पूर्ण करताना, खोली आवरताना खुशाल ऐकावीत. या बाबतीत आई-बाबांचे बरोबर आहे. पेपर देऊन आलेल्या मुलाने अर्धा तास कानात गाणी लावून पडून राहावे की नाही, या बाबतीत मुलांचे बरोबर आहे.

आवाजाची मर्यादा मात्र सगळ्यांना सारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. तो ९० डेसिबल झाला तर ही मुदत चार तासांवर येते. शेजारच्याला इयरफोनमधले गाणे ऐकू येत असेल तर ते विश्रांतीचे साधन राहिलेले नाही. आणि आणखी एक. दुःखात असताना दुःखी गाणे ऐकून मोकळे वाटते, हे खरे. पण तेच गाणे रात्रीमागून रात्र ऐकून जर मन अधिकच खोल जात असेल, तर ते गाणे बाजूला ठेवून कोणाशी तरी बोलण्याची वेळ आली आहे.

इथे गाणे पुरत नाही

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली, जेवण नकोसे झालेले, मित्र टाळलेले, आवडत्या गोष्टीतही रस नाही, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलणे. ही लक्षणे थकव्याची नाहीत. त्यावर तंबोरा, माळ किंवा नमाज-पूजा यांचा आधार जरूर असावा, पण त्या जोडीला डॉक्टर किंवा समुपदेशक हवाच. ‘इबादत कमी पडली’ किंवा ‘देवाचं करत नाही म्हणून’ असे बोलणे आजारी मुलाला आणखी एकटे पाडते. ताप आला तर आपण गोळी देतो आणि दुवाही करतो. मनाच्या आजाराला वेगळा न्याय कशासाठी?

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कधीही लावता येतो आणि मराठीतही बोलता येते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे त्यात म्हटले आहे. आपल्या मुलाच्या कॉलेजात असा माणूस आहे का, त्याची खोली कुठे आहे, तो आठवड्यातून किती वार बसतो, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावे. फीची पावती घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, त्यात हा अकरावा.

कॉलेजांनाही फार खर्च नाही. वाचनालयाशेजारी एक शांत खोली, चार चटया, परीक्षेच्या महिन्यात सकाळी पंधरा मिनिटे स्नायू सैल करण्याचा वर्ग. संगीत विभाग असेल तर तिथल्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा येऊन तंबोरा लावावा. ज्यांना संगीत नको त्यांनी नुसते शांत बसावे. ही खोली सगळ्यांची असावी, म्हणजे तिथे जाणाऱ्या मुलाकडे ‘याला काहीतरी झालंय’ अशा नजरेने कोणी पाहणार नाही.

घरासाठी तर आणखी सोपे काम आहे. परीक्षेच्या काळात हॉस्टेलवर फोन जातो तेव्हा पहिला प्रश्न ‘पेपर कसा गेला?’ असतो. त्याऐवजी ‘जेवलास का? झोप झाली का?’ असे विचारावे आणि मग थोडा वेळ गप्प राहावे. पलीकडून लगेच उत्तर आले नाही तरी फोन ठेवू नये. बर्नार्दींच्या प्रयोगात ज्या दोन मिनिटांत हृदय शांत झाले, ती गाण्याच्या मधली रिकामी मिनिटे होती. फोनवरही बरेचदा मूल बोलायला लागते ते आपण बोलायचे थांबल्यावर. यंदाच्या इफ्तारला किंवा रविवारच्या जेवणाला घरी आलेल्या मुलाला निकालाबद्दल न विचारता ताट वाढून बघावे. तो आपणहून काय सांगतो, ते ऐकायला तेवढी शांतता पुरे होईल.